होंडा जीएक्स२०० आणि ३० सीरीज टॉर्क कन्व्हर्टर: छोट्या बग्गीसाठी ही जोडी कशी आहे?

पाइपची चेसिस, १९६ सीसीचे सिंगल सिलिंडर इंजिन, एक-दोन माणसे आणि क्लच-गिअरची कटकट नको, एवढीच अपेक्षा असेल तर ३० सीरीजचा टॉर्क कन्व्हर्टर घ्या. या मापाच्या इंजिनाला एवढ्या पैशात दुसरे काही इतके नीट बसत नाही. मात्र किट मागवण्याआधी टायर आणि मागचे स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चाक) ठरवा. या किटबद्दलच्या बहुतेक तक्रारींचे मूळ चुकीच्या गिअरिंगमध्ये असते आणि शिव्या मात्र बेल्टला पडतात.

नाव टॉर्क कन्व्हर्टर असले तरी ऑटोमॅटिक कारमधल्या, तेलावर चालणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरशी याचा संबंध नाही. हा स्कूटरमध्ये असतो तसाच बेल्टचा सीव्हीटी आहे, म्हणजे पायऱ्यांशिवाय सलग रेशो बदलणारी रचना. क्रँकशाफ्टवर ड्रायव्हर पुली बसते. आरपीएम वाढले की तिच्यातली वजने बाहेर सरकतात, पुलीचे दोन भाग जवळ येतात आणि बेल्टला पकडून वर ढकलतात. मागच्या ड्रिव्हन पुलीत स्प्रिंग आणि कॅम असतो. लोड आला की तो बेल्ट पुन्हा बाहेरच्या मोठ्या व्यासावर आणतो, म्हणजे गाडी आपोआप खालच्या गिअरला येते. रेशो सुरुवातीला २.७ ला १ (इंजिनाचे २.७ फेरे, मागच्या पुलीचा एक) आणि पूर्ण उघडल्यावर ०.९ ला १.

किटमध्ये ड्रायव्हर, ड्रिव्हन, बेल्ट, प्लेट, ५/८ इंचाचा जॅकशाफ्ट (ड्रिव्हन पुली आणि छोटे स्प्रॉकेट बसतात तो मधला शाफ्ट), त्याची बेअरिंगे, छोटे स्प्रॉकेट आणि कव्हर येते. प्लेट इंजिनाच्या शाफ्टकडच्या तोंडावरच्या चार भोकांवर बसते. हा या किटचा सगळ्यात मोठा गुण. दोन पुलींमधले अंतर प्लेटनेच पक्के होते, त्यामुळे चेसिसवर वेल्डिंग करून अंतर जुळवत बसावे लागत नाही. इंजिन थोडे पुढेमागे सरकवले तरी बेल्टला फरक पडत नाही, फक्त चेनचा ताण बदलतो.

इंजिन घेताना

जीएक्स२०० हे पाण्याच्या पंपांवर आणि पॉवर वीडरवर दिसणारे इंजिन. ताकद ३६०० आरपीएमला ४.१ किलोवॅट, म्हणजे साडेपाच एचपी, आणि टॉर्क २५०० आरपीएमला १२.४ न्यूटन-मीटर. १६८एफ नावाने मिळणारी चिनी इंजिनेही साधारण याच मापाची असतात. जुने इंजिन घेत असाल तर आधी शाफ्टला व्हर्नियर लावा. हा शाफ्ट दोन मापांत येतो: ३/४ इंच म्हणजे १९.०५ मि.मी., आणि २० मि.मी. अमेरिकी किटचा बोअर (मधले भोक) ३/४ इंचाचा असतो, तो २० मि.मी.च्या शाफ्टवर चढणार नाही. लेथवाला ‘एक मि.मी. तर काढायचा आहे’ म्हणतो, पण ड्रायव्हरच्या मधल्या नळीची भिंत मुळातच पातळ असते आणि तिच्यावरच सरकता भाग फिरतो. ती पोखरू नका, शाफ्टही घासू नका. २० मि.मी. बोअरचा ड्रायव्हर वेगळा मिळतो, तोच मागवा. चावीची खाचही मोजून घ्या. ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मि.मी., त्यात ५ मि.मी.ची चावी ठोकून बसवली की पुली वाकडी बसते.

बोल्टचेही तेच. इंची शाफ्टच्या टोकाला ५/१६-२४ चे आटे असतात, मेट्रिकला एम८ चे. जाडी जवळजवळ सारखी आहे, आटे वेगळे आहेत. एम८ चा बोल्ट इंची भोकात दोन वेढे जातो, मग अडकतो, आणि पान्याने जोर लावला की क्रँकशाफ्टचे आटे गेले. प्लेटच्या चार बोल्टनाही हाच नियम लावा: हाताने पाच-सहा वेढे गेला तरच तो बोल्ट तिथला.

वीडर किंवा टिलरवरून काढलेले इंजिन घेताना आणखी एक गोष्ट पाहा. काही इंजिनांना शाफ्टच्या बाजूला अर्ध्या वेगाचा रिडक्शन गिअर जोडलेला असतो. त्याचा बाहेरचा शाफ्ट जास्तीत जास्त १८०० आरपीएमने फिरतो. एवढ्यावर ड्रायव्हर पुली धड पकडही घेत नाही, वर सरकणे तर दूरच. रिडक्शनवाले इंजिन कितीही स्वस्त मिळाले तरी या कामाचे नाही.

गिअरिंगचा हिशेब

कागदावर दहा मिनिटे खर्च केली तर पुढचे दोन बेल्ट वाचतात. धरा, मागे १८ इंची टायर आहे, जॅकशाफ्टवर १० दात आणि ॲक्सलवर ६०. चेनचे रिडक्शन ६ ला १. सीव्हीटीसकट सुरुवातीला एकूण १६.२ ला १ आणि शेवटी ५.४ ला १.

१८ इंची टायरचा घेर सुमारे १.४४ मीटर. ३६०० आरपीएमला पूर्ण उघडलेल्या पुलीवर वेग येतो ताशी ५७ कि.मी.च्या आसपास. बेल्ट थोडा घसरतो, म्हणून प्रत्यक्षात पन्नास धरा. पाइपच्या बग्गीला एवढा पुष्कळ झाला.

आता ओढ. १२.४ न्यूटन-मीटर गुणिले १६.२, आणि बेल्ट-चेनमध्ये २० टक्के गेले असे धरले तर ॲक्सलवर १६० न्यूटन-मीटर. टायरच्या त्रिज्येने भागले की जमिनीवर ७०० न्यूटन. बग्गी आणि माणसे मिळून २८० किलो असतील तर कडक मुरमाच्या रस्त्यावर साधारण १२ अंशांचा चढ निघतो. नांगरटीत किंवा सुक्या रेतीत चाक रुतल्यामुळेच यातला अर्ध्याहून जास्त जोर खर्ची पडतो, आणि मग पाच-सहा अंशांवर गाडी दम टाकते.

हाच हिशेब २२ इंची टायरवर करा. जमिनीवरचा जोर ७०० वरून ५७५ न्यूटनवर येतो, चढ १० अंशांखाली. मोठे टायर दिसायला रुबाबदार असतात म्हणून लावले जातात आणि मागचे स्प्रॉकेट तेच राहते. मग चढावर पुली फिरते, गाडी हलत नाही आणि बेल्ट एकाच जागी जळतो. २२ इंची टायर लावायचेच असतील तर मागे किमान ७२ दात घ्या, किंवा मधे आणखी एक जॅकशाफ्ट टाकून दोन टप्प्यांत रिडक्शन करा. ६० दातांच्या स्प्रॉकेटचा व्यास अर्ध्या इंची पिचला (चेनच्या दोन पिनांमधले अंतर) २४३ मि.मी. होतो. १८ इंची टायरखाली त्याच्या आणि जमिनीच्या मधे चारच बोटांचे अंतर उरते, त्यामुळे खालून ५ मि.मी.ची पट्टी वाकवून संरक्षण द्यावेच लागते. दगडावर आपटून दात वाकला की चेन पहिल्याच वळणावर उतरते.

तुलनेसाठी सांगायचे तर याच इंजिनाला साधा सेंट्रिफ्यूगल क्लच लावून ६ ला १ ठेवले, तर जमिनीवर जेमतेम ३०० न्यूटन मिळतात. गो-कार्टच्या सपाट ट्रॅकला ते चालेल. शेतातल्या बांधावर चढायला चालणार नाही.

चेनच्या बाबतीत आपल्याकडे एक घोळ नेहमी होतो. किटबरोबर येणारे स्प्रॉकेट ४०, ४१ किंवा ४२० नंबरच्या चेनसाठी असते. आपल्याकडच्या १०० सीसीच्या मोटरसायकलींना ४२८ ची चेन असते. पिच तेच, १२.७ मि.मी., त्यामुळे ती चढते आणि दुकानदारही ‘बसतेय की’ म्हणतो. पण ४२८ चा रोलर ८.५ मि.मी.चा आणि ४२० चा ७.८ च्या आसपास. मोठा रोलर दाताच्या तळाशी बसत नाही, वरच राहतो, आणि लोड आला की चेन उड्या मारते. यावर चांगला उपाय म्हणजे जॅकशाफ्टचे छोटे स्प्रॉकेटच ४२८ च्या मापाचे, ५/८ इंच बोअर आणि ३/१६ इंची चावीच्या खाचेसह बनवून घेणे. मग मागचे स्प्रॉकेट आणि चेन तालुक्याच्या गावातही मिळते.

बसवताना

जीएक्स२०० चा शाफ्ट समोरून पाहिला तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. चेन थेट मागच्या ॲक्सलवर जात असेल तर शाफ्टची बाजू चालकाच्या डाव्या हाताला यायला हवी. उजवीकडे आली की बग्गी मागे पळते. मधे एखादी गिअरची जोडी असेल तर हे उलटे होते. इंजिनाचे माउंट वेल्ड करण्याआधी दोरी ओढून शाफ्ट कुठे फिरतो ते डोळ्यांनी पाहा.

प्लेट बसवून बोल्ट समान ताणा. ड्रायव्हर शाफ्टवर हाताने सरकला पाहिजे, हातोडी लागता कामा नये. शाफ्टवर गंज असेल तर बारीक पॉलिश पेपर फिरवा. दोन्ही पुलींच्या सपाट बाजू एका रेषेत आहेत का ते सरळ पट्टी लावून बघा, फरक असेल तर शिम (पातळ चकती) घाला. शेवटचा बोल्ट निळे लॉकटाइट लावून २० न्यूटन-मीटरच्या आसपास कसा.

बेल्ट दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. त्याची एक कड सरळ आणि दुसरी तिरकी. सरळ कड इंजिनाकडे. उलटा घातला तरी तो बसतो, फिरतोही, आणि थोड्याच वेळात कडा भुसभुशीत करून टाकतो. हे किट मुळात बनवणाऱ्या कॉमेट कंपनीच्या नंबरानुसार हा बेल्ट २०३५८९. त्याच रुंदीचा साधा व्ही-बेल्ट यात चालत नाही, कारण त्याच्या दोन्ही कडा तिरक्या असतात.

ड्रायव्हरच्या आतल्या पितळी बुशवर बरेच जण ग्रीस थापतात. ग्रीस गरम होऊन बेल्टवर उडते आणि बेल्ट घसरायला लागतो. तिथे फक्त कोरडे वंगण, ग्रॅफाइट किंवा मॉलीचा स्प्रे, तोही फडक्याने पुसून. बुश अगदी सुका ठेवला तर सरकता भाग अडकतो. मग गॅस सोडला तरी पुली उघडत नाही आणि गाडी थांबताना इंजिन बंद पडते. ‘ब्रेक मारला की इंजिन बंद होते’ या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा इथे असते, कार्ब्युरेटरमध्ये नाही.

स्वस्त नकली किट घेतले असेल तर बसवण्याआधी टेबलावर तपासा. सरकता भाग बोटांनी दाबून पूर्ण खाली-वर जातो का, पुली फिरवताना डुलते का, जॅकशाफ्टची चावी खाचेत सैल आहे का. बहुतेक किटमध्ये जॅकशाफ्टची बेअरिंगे ६२०२ च्या बाहेरच्या मापाची पण ५/८ इंच बोअरची असतात. साधे ६२०२ आणले तर त्याचा बोअर १५ मि.मी., जॅकशाफ्ट जवळजवळ १६ चा. ६२०२-१० असे सांगून मागा. नकली किटमध्ये पहिली जातात ती हीच बेअरिंगे, म्हणून सुरुवातीलाच चांगल्या कंपनीची, रबर सीलची टाकून घेतलेली बरी.

आयडल आणि स्प्रिंग

या इंजिनाचा आयडल, म्हणजे गॅस न देता फिरण्याचा वेग, १४०० आरपीएमच्या आसपास ठेवायचा असतो. ड्रायव्हरची मूळ स्प्रिंग त्याच्या थोड्याच वर पकड घ्यायला लागते. म्हणजे मोकळीक कमी. थंडीत इंजिन बंद पडते म्हणून कोणी स्क्रू फिरवून आयडल १८०० वर नेला की बेल्ट सतत अर्धवट धरलेला राहतो. गाडी उभी असताना पुढे सरकू पाहते, चालक ब्रेक दाबून धरतो आणि बेल्टच्या एकाच तुकड्यावर पुली घासत राहते. बेल्ट काढून बोटांमधून फिरवला तर तेवढी एक जागा चिंचोळी लागते. तो बेल्ट गेला. दुसरा टाकण्याआधी आयडल दुरुस्त करा. यासाठी स्पार्क प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा डिजिटल टॅकोमीटर घेऊन ठेवा, कानाने अंदाज चालत नाही.

वजन जास्त असेल तर ड्रायव्हरला कडक स्प्रिंग टाकून पकड २००० च्या पुढे न्यावी. मग इंजिन जास्तीत जास्त टॉर्कच्या जवळ आल्यावर गाडी हलते आणि चढावर उचल चांगली मिळते. मागच्या पुलीच्या स्प्रिंगला ताण बदलायची भोके असतात. ताण वाढवला की गाडी खालच्या रेशोत जास्त वेळ राहते आणि चढ आल्यावर पटकन मागे येते. कमी केला की लवकर वर सरकते. दोन माणसांच्या बग्गीला मधल्या भोकापासून सुरुवात करा आणि एका वेळी एकच बदल करा. दोन्हीकडच्या स्प्रिंगा एकदम बदलल्या तर कशाने काय झाले ते कळत नाही.

वेग वाढवण्यासाठी गव्हर्नर (आरपीएम मर्यादेत ठेवणारा भाग) काढून टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. हे इंजिन, त्याचे फ्लायव्हील आणि कनेक्टिंग रॉड ३६०० आरपीएमसाठी बनवले आहेत. त्याच्या फार वर नेल्यावर बिडाचे फ्लायव्हील फुटू शकते आणि ते चालकाच्या पाठीमागे एका हातावर असते.

कुठे दगा देतो

जळका वास आणि चकाकणारी कड म्हणजे बेल्ट घसरतोय. गॅस दिल्यावर दोन सेकंदांत गाडी हलली नाही तर गॅस सोडा, खाली उतरा, ढकला. रुतलेल्या चाकावर गॅस देत राहणे म्हणजे बेल्ट तव्यावर टाकणे. नुसती चकाकी आली असेल तर १२० नंबरचा पॉलिश पेपर कडेवर हलका फिरवा, पुलीची तोंडे ब्रेक क्लीनरने पुसा, आणि बेल्ट परत वापरता येतो. नवा बेल्ट साधारण १९ मि.मी. रुंद असतो, १६ वर आला की बदला, कारण अरुंद बेल्ट पुलीत खोल बसतो आणि सुरुवातीचा रेशोच हरवतो.

पाणी आणि रेती हे दोन शत्रू. ओला बेल्ट सुकेपर्यंत ओढत नाही. रेती मात्र पुलीची तोंडे खरवडते आणि ते नुकसान कायमचे. किटचे कव्हर बोटे वाचवण्यापुरते असते, खालून उघडे. पावसाळी वापर असेल तर खालची बाजू पत्र्याने झाका, पण हवा जायला वरच्या बाजूला जाळीचे तोंड ठेवा, नाहीतर आतच उष्णता कोंडते.

उतारावर गॅस सोडून आरपीएम पडले की ड्रायव्हर बेल्ट सोडून देतो आणि इंजिन ब्रेकिंग संपते. घाटउतारासारख्या जागी सगळा भार ब्रेकवर येतो. मागच्या ॲक्सलवर एक डिस्क पुरेशी नाही, पुढेही ब्रेक हवेत आणि हँडब्रेक हवाच, कारण गाडी गिअरमध्ये लावून उभी करायची सोय इथे नाही. इंजिनालाही उताराची मर्यादा आहे: तेल उडवून वंगण देणारी रचना असल्याने २० अंशांपेक्षा जास्त कलल्यावर ते वापरायचे नाही.

रिव्हर्स नाही, ही खरी उणीव. त्यासाठी महिंद्रा अल्फा या तीनचाकीचा गिअरबॉक्स जोडणारे बरेच जण आहेत. त्याचा चौथा गिअर सुमारे ७.३५ ला १, म्हणजे सीव्हीटीसकट १९.८ ते ६.६, हे या इंजिनाला छान जमते आणि डिफरन्शियलही (वळणावर दोन चाके वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) आत येते. पण रिव्हर्स ५५ ला १ च्या आसपास. २.७ ने गुणा: जवळजवळ १५० ला १. त्यावर जोरात गॅस दिला तर ड्राइव्ह शाफ्ट पिळवटतो. शिवाय क्लच काढून स्प्लाइनचा (खाचा असलेल्या शाफ्टचा) जोड बनवावा लागतो आणि वजन वाढते. एका माणसाच्या बग्गीला खाली उतरून मागे ढकलणे परवडते. दोन माणसांच्या आणि सामान वाहणाऱ्या गाडीला गिअरबॉक्स लावा.

दुसरे पर्याय

जुन्या स्कूटरचे १०९ सीसीचे इंजिन सीव्हीटीसकट मिळते आणि भंगारात स्वस्त पडते. ताकद सुमारे ८ बीएचपी, कागदावर जीएक्सपेक्षा जास्त, पण ती ७५०० आरपीएमच्या पुढेमागे आणि टॉर्क ९ न्यूटन-मीटरच्या आसपास. हलक्या, एका माणसाच्या बग्गीला ठीक. ते इंजिन एका चाकासाठी बनले आहे, त्याच्या ॲक्सलवरून दोन चाकांना जोड देण्याचे फॅब्रिकेशन किचकट होते.

उलट्या बाजूला, इंदूरजवळ पीथमपूरला होणाऱ्या बाहा एसएई इंडिया या बग्ग्यांच्या स्पर्धेसाठी गाडी बांधणाऱ्या कॉलेजच्या मुलांनी ३० सीरीजच्या वाटेला जाऊ नये. तिथे वर्षानुवर्षे वापरलेले ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचे ३०५ सीसी, १० एचपीचे इंजिन १९ न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क देते आणि त्याचा शाफ्ट एक इंची आहे. एक इंच बोअरचा ३० सीरीज मिळतो, बसतोही, पण हे किट ८ एचपीपर्यंतच्या इंजिनांसाठी आहे आणि कित्येक तास चालणाऱ्या एन्ड्युरन्स शर्यतीला टिकत नाही. त्या कामाला गेज्ड जीएक्स९ किंवा सीव्हीटेकसारखे मोठे सीव्हीटी. जीएक्स९ चा सुरुवातीचा रेशो ३.९ ला १ आहे, यावरूनच फरक लक्षात येईल.

अशी घरी बांधलेली बग्गी आरटीओत नोंदवता येत नाही, त्यामुळे ती शेतात आणि खाजगी जागेतच. गोव्यात तर किनाऱ्यावर वाहन नेण्यालाच बंदी आहे.

किटबरोबर दोन जादा बेल्ट, ६२०२-१० ची दोन बेअरिंगे आणि ड्रायव्हरची एक कडक स्प्रिंग मागवून ठेवा. बेल्ट घडी घालून किंवा खिळ्याला टांगून ठेवू नका, सपाट गोल ठेवून उन्हापासून लांब ठेवा. नवा बेल्ट घातल्यावर पहिला अर्धा तास अर्ध्या गॅसवर, सपाट जागेवर चालवा, मगच चढाला लावा.